ऑइल पेंटचा डबा उघडताना झाकण वाकतं, हात कापतो: कुठे चुकतं आणि आता काय करायचं

जुळे सोलापुरातल्या एका दादांनी विचारलंय: "गेट आणि खिडक्यांच्या ग्रिलला द्यायला चार लिटरचा ऑइल पेंट आणला. स्क्रू ड्रायव्हर घालून उघडायला गेलो तर झाकण एका बाजूला वाकलं, हात सटकून तळव्याला लागलं आणि ग्लासभर रंग हॉलच्या शहाबादी फरशीवर सांडला. पेंटर लोक डबा कसा उघडतात? माळ्यावर मागच्या वेळचे दोन जुने डबेही आहेत, ते चालतील का?"

दादा, आधी हाताचं बघा. जखम साबणाच्या पाण्याने नीट धुवा. हाताचा रंग टर्पेंटाइनने काढताना ते जखमेवर जाऊ देऊ नका. पत्र्याने कापलंय, तेव्हा धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर आजच घेऊन या. गेट दोन दिवस थांबेल. माझ्या डाव्या तळव्यावर अंगठ्याच्या बुडाशी तीन व्रण आहेत. तिन्ही डब्यांनीच दिलेले, आणि तिन्ही कामाला लागलो त्या पहिल्या दोन वर्षांतले.

मला हे काम शिकवणारे मेस्त्री साखर पेठेतले. घरात तेलुगू, कामावर मराठी, चिडले की दोन्ही. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात ब्रश दिलाच नाही. एक रिकामा डबा दिला, त्याचं झाकण दिलं आणि म्हणाले, "बसव." मी बसवलं. त्यांनी काढलं, डब्यात पाणी भरलं, पुन्हा माझ्याकडून झाकण बसवून घेतलं आणि डबा उलटा धरला. पाणी माझ्या चपलांवर. दुपारपर्यंत तेच चाललं होतं. एकही थेंब गळला नाही तेव्हा कुठे म्हणाले, आता उघडायला शीक.

तेव्हा राग आला होता. आता शिकाऊ पोरांना मीही तेच करायला लावतो. डबा एकदाच उघडायचा नसतो. तुमच्याच कामाचं बघा. एक लिटर ऑइल पेंट गुळगुळीत पत्र्यावर एका हाताला, म्हणजे एका थराला, शंभर चौरस फुटांच्या वर जातो. गेट आणि चार ग्रिलला दोन हात मारले तरी तुमच्या चार लिटरमधला बराच रंग उरणार. तो पुढच्या वर्षी कामाला यायचा की माळ्यावर दगड व्हायचा, हे झाकण पहिल्यांदा कसं निघालं त्यावर ठरतं. ऑइल पेंट हवेतल्या ऑक्सिजनने सुकतो. झाकणाची कड एका जागी दोन मिलिमीटर वर राहिली तरी तेवढ्या फटीतून हवा आत जात राहते आणि रंगावर साय धरते.

डबा नीट बघितला की निम्मं काम समजतं. तोंडाला पत्र्याचं एक कडं असतं आणि त्या कड्यात गोल खाच असते. झाकणाची खालची बाजू त्या खाचेत घट्ट घुसते आणि झाकणाची वळवलेली कड वरून कड्यावर टेकते. पेच नाही, आटे नाहीत, सगळं घर्षणावर. त्यामुळे झाकण सगळीकडून सारखं वर आलं तर सहज निघतं. एकाच जागी जोर लावला तर समोरची बाजू खाचेत आणखी आवळते आणि जोर लागलेल्या जागी पत्रा दुमडतो. तुमचं नेमकं हेच झालं. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा मेस्त्री म्हणाले होते, "काय बे, डबा उघडायलास का नारळ फोडायलास?"

आता हत्यार. दुकानात डबा उघडायची आकडी मिळते. पुढे वळलेलं चपटं टोक, मागे पकडायला कडी. डबा घेताना मागा, कधीकधी फुकटही देतात. ती नसेल तर रुंद, चपट्या, बोथट टोकाचा मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्या. चार पाकळ्यांचा नको, तो पत्र्याला भोक पाडतो. लांबी (पुट्टी) भरायची पट्टी तर अजिबात नको. पातं वाकलं की लांबीवर रेघा उमटतात आणि मग पट्टी आणणाऱ्यालाच शिव्या बसतात. स्वयंपाकघरातला चमचाही नको. त्याचा दांडा वाकतो आणि पुढचा महिनाभर घरात त्याचीच चर्चा चालते.

डबा जमिनीवर ठेवा, खाली जुनं पोतं किंवा चार पदरी वर्तमानपत्र. मांडीवर घेऊ नका, ओट्यावरही नको. झाकण आणि त्याची कड आधी ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. सोलापूरची धूळ तुम्हाला माहीत आहेच. दुकानाच्या फळीवर महिनाभर राहिलेल्या डब्यावर तिचा थर बसलेला असतो. झाकण निघताना ती थेट रंगात पडते आणि गेटवर वाळूसारखी खरखर उमटते. गंज असेल तर तारेच्या ब्रशने आधी झाडून घ्या. नवा डबा न उघडताच दोन मिनिटं हलवून घेतला तरी चालतो. फक्त त्यानंतर दहा मिनिटं बसू द्या, नाहीतर झाकणाच्या आतला रंग उघडताना धारेने बाहेर येतो.

आता डावा हात. तो झाकणावर किंवा झाकणापलीकडे कधीच नको, कारण हत्यार सटकलं की तिथेच जातं. डबा जमिनीवरच असू द्या आणि खालच्या बाजूने धरा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक झाकणाच्या वळवलेल्या कडेखाली सरकवा, डब्याच्या कड्यावर टेकवा आणि मूठ खाली दाबा. टोक वर येतं, झाकण केसभर उचललं जातं. तिथेच थांबा. हाव करू नका. दोन बोटं पुढे सरका आणि परत तेवढंच करा. चार लिटरच्या डब्याला एका फेऱ्यात अशा आठ-दहा जागा होतात. पहिल्या फेऱ्यात काहीच झालं नाही असं वाटेल. दुसऱ्या फेऱ्यात कुठेतरी 'फुस्' असा बारीक आवाज येतो, हवा आत गेली. तिसऱ्यात झाकण हाताने उचलण्याइतकं मोकळं होतं. सगळं मिळून एक मिनिट लागतं. घाई करणाऱ्याला तीस सेकंद लागतात आणि नंतर फरशी पुसायला तास.

झाकण सपाटच उचला. तिरकं केलं की आतला रंग कडेवरून ओघळतो. डब्यावरच धरून ब्रशने आतली बाजू निपटून घ्या, रंग डब्यात परत जाऊ द्या. मग झाकण ठेवायचं कुठे? भिंतीकडेला, वर्तमानपत्रावर, कोणाचा पाय पडणार नाही अशा जागी. यातलं 'पाय पडणार नाही' हे मी फार महागात शिकलो. मंगळवार पेठेतल्या एका वाड्यात मी मरून रंगाचं झाकण उताणं करून दारातच ठेवलं होतं. घरातल्या आजी देवपूजा आटपून बाहेर आल्या, पाय झाकणावर पडला आणि त्यांना कळायच्या आत त्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आल्या होत्या. शहाबादीवर पावलं उमटलेली, एकेक अगदी स्पष्ट. मी घामाघूम. आजी पावलांकडे बघत म्हणाल्या, "चला, लक्ष्मी आली म्हणायचं." सूनबाई मात्र तसं काही म्हणाल्या नाहीत. त्या दिवसाची मजुरी मी मागितलीही नाही.

उन्हाळ्यात डबा उघडायचा असेल तर एक गोष्ट जास्त जपा. टर्पेंटाइन म्हणून आपण विकत घेतो ते बहुतेक वेळा मिनरल टर्पेंटाइन असतं, म्हणजे पेट्रोलियममधूनच निघालेलं. साधारण तीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान त्याची वाफ ठिणगीने पेट घेण्याइतकी होते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशीच्या पुढे असतो. तेव्हा बंद खोलीत ऑइल पेंट किंवा टर्पेंटाइन उघडलं, तर देवापुढची निरांजन, गॅस आणि बिडी या तिन्हींपासून ते लांब पाहिजे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पातळ करायचं एनसी थिनर तर हिवाळ्यातही पेटतं. दारंखिडक्या उघडा, पंखा सुरू करायचा तर डबा उघडायच्या आधी करा.

डबा उन्हात तापला असेल तर आत वाफेचा दाब असतो. एका मे महिन्यात मी एका यंत्रमाग कारखान्याच्या पत्र्याच्या दारांचं काम घेतलं होतं. डबा मोपेडच्या मागे बांधून भर दुपारी अक्कलकोट रोडवरून गेलो आणि पोचल्या पोचल्या उघडायला बसलो. दुसऱ्याच जागी टोक घातलं आणि झाकण उडालं. कपाळाला लागलं, रंग भुवईपर्यंत आला. डोळा बोटभर अंतराने वाचला. तेव्हापासून तापलेला डबा मी अर्धा-पाऊण तास सावलीत ठेवतो, ओलं पोतं गुंडाळतो, उघडताना झाकणावर फडकं टाकतो आणि तोंड बाजूला ठेवतो. साधा प्लास्टिकचा चष्माही घालतो. पोरं हसतात, हसू देत. डोळ्यात रंग गेलाच तर चोळू नका. पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि तसेच डॉक्टरकडे जा.

फुगलेला डबा ओळखा. झाकण किंवा बूड वर आलेलं असेल आणि डबा थंड असूनही फुगवटा जात नसेल, तर तो उघडूच नका, दुकानदाराकडे परत न्या. लाकडाला मारायच्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशसोबत हार्डनरचा वेगळा लहान डबा येतो, त्याचं हे विशेष होतं. त्यात ओल गेली की वायू तयार होतो आणि डबा फुगतो.

झाकण वाळलेल्या रंगाने चिकटलं असेल तर जोर लावून उपयोग नाही. कटरने फट फिरवून घ्या, पातं स्वतःपासून लांब जाईल अशा दिशेने. मग टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली चिंधी फटीवर गोल गुंडाळून अर्धा तास ठेवा. कडेवर लाकडाच्या तुकड्याने हलके ठोकत फिरा, मग आधीसारखेच फेरे घ्या. गॅसवर गरम करून झाकण काढणारे मी स्वतः बघितलेत. पुढचं सांगत नाही.

भिंतीच्या इमल्शनची, म्हणजे पाण्यात कालवायच्या रंगाची, प्लास्टिकची बादली वेगळी उघडते. झाकणाच्या घेराला जागोजागी खाचा किंवा ओढून काढायची पट्टी असते. पट्टी असेल तर ती पूर्ण ओढून काढा, मग कड थोडी थोडी उचला. खाचा असतील तर तेवढ्याच कटरने कापा, सगळी कड सोलत बसू नका. बादली आणि झाकण धड राहिलं पाहिजे याचं कारण सोलापूरकराला सांगायला नको. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात वीस लिटरची बादली रंगापेक्षा जास्त वर्षं टिकते. फक्त ती वापरायच्या, धुण्याच्या पाण्यालाच ठेवा, पिण्याच्या पाण्याला नको. आणि घरात रांगतं मूल असेल तर पाणी भरलेली बादली उघडी ठेवू नका. लहान मूल डोक्यावर आत पडलं तर त्याला बाहेर येता येत नाही.

पेंटर लावलात तर एक पथ्य पाळा. काही बादल्यांच्या झाकणात पेंटरला बक्षीस म्हणून टोकन असतं. पेंटर यायच्या आत घरच्यांनी ते काढून घेतलं तर तो तोंडाने काही बोलत नाही, पण तुमच्या भिंतीला बहुतेक एक हात कमी बसतो.

शेड मशीनवर बनवून घेतली असेल तर डबा काठोकाठ भरलेला नसतो. फसवलं असं समजू नका. मशीनमधून पडणाऱ्या रंगांसाठी कंपनी बेसच्या, म्हणजे मूळ रंगाच्या, डब्यात जागा सोडते.

ढवळायचं मात्र मनापासून. ऑइल पेंटचं खरं द्रव्य तळाशी बसलेलं असतं. वरचा निम्मा पातळ भाग दुसऱ्या स्वच्छ डब्यात ओता, तळातला गाळ लाकडी पट्टीने खरवडून एकजीव करा, मग वरचा थोडा थोडा परत घालत ढवळा. भरल्या डब्यात ढवळायला गेलात की पोत्यावर सांडतोच. एकाच शेडचे दोन डबे असतील तर सुरू करायच्या आधी मोठ्या बादलीत दोन्ही एकत्र करा, नाहीतर गेटचा एक पल्ला दुसऱ्याहून वेगळा दिसतो.

मूळ डब्यात ब्रश बुडवून रंग मारत बसू नका. लागेल तेवढा लहान डब्यात काढा आणि मोठ्यावर झाकण टेकवून ठेवा. ओतताना लेबलाच्या उलट्या बाजूने ओता, म्हणजे शेडचं नाव आणि नंबर ओघळाखाली जात नाही. ओतण्याआधी कडेवर रुंद मास्किंग टेप चिकटवून त्याची चोच केली तर खाच कोरडी राहते. खाचेत खिळ्याने भोकं पाडायची युक्ती तुम्ही ऐकली असेल, रंग त्यातून परत आत जातो म्हणतात. जातो हे खरं. डबा आजच संपणार असेल तर पाडा. ठेवायचा असेल तर मी पाडत नाही. झाकण जरा कमी बसलं की हवेला आयता रस्ता मिळतो.

बंद करताना खाच आधी ब्रशने, मग चिंधीने पूर्ण कोरडी करा. उरलेल्या ऑइल पेंटवर चमचाभर टर्पेंटाइन सोडा आणि ढवळू नका. डब्याच्या तोंडावर प्लास्टिकचा कागद टाका, त्यावर झाकण. झाकणावर फडकं, फडक्यावर लाकडाची फळी आडवी आणि हातोडी फळीवर. झाकणावर थेट हातोडी मारली की खड्डा पडतो आणि कड उचलते. रंग आणि तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीच्या तेलाच्या चिंध्या ढिगात आपोआप तापून पेटतात. उन्हात एकेक पसरून वाळू द्या, मग टाका.

आता माळ्यावरचे डबे. कोणत्या वर्षीचे आहेत ते आधी बघा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त असू नये, हा केंद्राचा नियम २०१६ चा आणि त्याचा अंमल १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा ऑइल पेंट असेल, विशेषतः पिवळा, केशरी, लाल किंवा हिरवा, तर लहान मुलं हात लावतील, तोंड लावतील अशा ग्रिलला तो मारू नका. तुमच्या ग्रिलवरचा जुना थर त्या काळातला असेल तर त्यालाही कोरडा पॉलिश पेपर मारू नका. पाणी लावून ओला घासा, मुलांना लांब ठेवा, चिखल पुसून घ्या.

डबे त्यानंतरचे असतील तर उघडून बघा. वर साय धरली असेल तर ढवळायची नाही. ढवळली की तिचे तुकडे होतात आणि कितीही गाळलं तरी ब्रशला लागत राहतात. चाकूने कडेने गोल कापा आणि साय भाकरीसारखी अख्खी उचलून काढा. खालचा रंग ढवळून जुन्या नायलॉनच्या साडीच्या तुकड्यातून गाळा. गुठळ्या राहिल्या किंवा तळ दगड झाला असेल तर नाद सोडा. इमल्शनला कुजका वास येत असेल तर तेही गेलं. उरलेलं गटारीत ओतू नका. वाळू किंवा लाकडाचा भुसा मिसळून, तोंड उघडं ठेवून, मुलांपासून लांब वाळू द्या, मग घंटागाडीत द्या.

तुमची फरशी. सांडून दिवस झाला असेल तर वरचा थर पट्टीने अलगद सोला आणि उरलेल्या डागावर टर्पेंटाइनची चिंधी थोडा वेळ ठेवून पुसा. शहाबादी दगड रंग पितो, थोडी सावली राहील, ती मान्य करा. पुढच्या वेळी ओला असतानाच वर भुसा किंवा कोरडी माती टाका, शोषून घेऊ द्या, मग बाहेरून आत गोळा करा. ओल्यावर फडकं फिरवलं तर ग्लासभराचा डाग परातभर होतो.

राहिलं ते वाकलेलं झाकण. लाकडाच्या फळीवर उलटं ठेवा, दुमडलेल्या जागी हातोडीने बारीक बारीक ठोका आणि कड सरळ करा. बसवून बघा, पाणी घालायची गरज नाही, आत रंग आहेच. डबा पोत्यावर जरा तिरका करा. झिरपला तर झाकणाचा नाद सोडा आणि रंग गाळून काठोकाठ भरेल अशा लहान पत्र्याच्या डब्यात काढा. वर जितकी हवा कमी तितका तो टिकतो. बाहेरून मार्करने शेडचा नंबर, तारीख आणि 'गेट' एवढं लिहा. उघडताना आकडी आणायची विसरलात तर स्क्रू ड्रायव्हर घ्या, पण डावा हात खाली.